एका चुलीची लेकरं

समतानगर, सोनगीरजवळ
ता. २० जानेवारी २०२५, सोमवार

संघपालभाऊ,

सविताचा जयभीम. लतावहिनींना आणि पोरांनाही सांग. इकडे सगळे बरे आहेत. थंडी फार पडली आहे. आईचे गुडघे धरलेत, पण ती जेवते नीट आणि भांडतेही नीट. कपाशीची शेवटची वेचणी झाली. हरभऱ्याला घाटे धरलेत. परवा शेतातच भरीत केलं होतं, तुरीच्या काड्यांवर वांगी भाजून. अभिमनदादा जेवताना म्हणाला, संघपालला धुळ्यात अशी चव कुठली मिळायची. मी म्हटलं, धुळं काय लांब आहे का, देवपुरातून एस्टीत बसला तर भाकरी गार व्हायच्या आत पोचेल. त्यावर तो ताटात मान घालून जेवत राहिला. तुझा भाऊ तुझ्यासारखाच.

फोन केला असता. पण फोनवर तू ‘हो हो, बरं बरं’ करतोस आणि ठेवून देतोस. म्हणून कागद. वहिनींनी वाचला तरी चालेल, यात लपवण्यासारखं काही नाही.

दोन फेब्रुवारीला, रविवारी, चुलीचा दिवस आहे. बोलावणं दरवर्षी मीच लिहिते आणि तू दरवर्षी येत नाहीस. यंदा संस्थेला पन्नास वर्षं होतात म्हणून हितेंद्रनं मोठा मांडव धरलाय. हितेंद्र आता चेअरमन आहे. पोरगा चांगला आहे, फक्त बोलायला लागला की थांबत नाही. जेवणाआधी सभा आहे आणि सभेपुढं एकच विषय आहे. गावातल्या एका पोरीला गावातल्याच पोराशी लग्न करायचंय. आपल्यात ते चालत नाही, नेम आहे. तो नेम ठेवायचा की सोडायचा हे त्या दिवशी ठरणार.

पोरगा तुझा पुतण्या. प्रशील.

पोरगी कोण ते पुढं लिहिते.

हितेंद्र म्हणतो, नेम मोडायचा का ठेवायचा ते नंतर, आधी तो आला कुठून ते सभेला कळलं पाहिजे. बरोबर आहे त्याचं. पण सांगणार कोण? जुन्यांपैकी दोघीच राहिल्या, माझी आई आणि मंजुळाकाकू. आई विसरते आणि काकू चिडते. म्हणून सगळे माझ्या मागं लागले, ‘सविताअक्का, तुमचे वडील पहिले चेअरमन, तुम्हीच सांगा.’ मी चौथी शिकलेली बाई. मला उभं करून इतिहास विचारतात. तर मी काय सांगणार ते आधी तुला लिहिते. चुकलं असेल तिथं सांग.

दुष्काळात आपली माणसं भोकरदन-जाफ्राबादकडून मुकादमाच्या मागं इकडं आली, आग्रा रोडसाठी खडी फोडायला. कोणी एका गावचं नव्हतं, कोणी कोणाच्या नात्यातलं नव्हतं. ओळख झाली ती खडीच्या ढिगावर. मुकादमानं सगळ्या घरांना मिळून एक पत्र्याची शेड दिली होती. घराघरांच्या मधे लुगडी टांगलेली. सरपण मिळत नव्हतं म्हणून चूल एकच. रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीच्या, मिलोच्या भाकरी, थापल्या की फाटायच्या. तू आईच्या काखेत आलास आणि मी त्या शेडमधेच झाले. आई अजून म्हणते, हिच्या जन्माच्या वेळी शेजारी घण चालू होता, म्हणून ही अशी.

मग काम संपलं. मुकादम पळाला. परत जायचं तर तिकडं काही नव्हतं. कोणीतरी सांगितलं, सरकार पडीक जमीन देतंय, पण एकट्यादुकट्याला नाही, संस्था करा. माझे वडील आणि तुझे वडील धुळ्याला किती खेटे घालून आले ते त्यांनाच माहीत. जमीन मिळाली तीही कशी, वर कुसळं आणि खाली मुरूम. सगळ्यांनी मिळून ती वाहिती केली. बांध घातला नाही, अजूनही नाही. आजूबाजूचे लोक आपल्याला आधी खडीवाले म्हणायचे, मग बिनबांधाचे म्हणायला लागले. बाहेरच्या माणसाला अजून कळत नाही की बांध नसताना भांडणं कशी होत नाहीत. होतात की. रोज होतात. पण कोपऱ्यावरून होत नाहीत.

इथपर्यंत मला पक्कं माहीत आहे. पुढचं जे माहीत होतं ते असं. पहिलं पीक घरात आलं त्या दिवशी सगळ्यांनी त्या चुलीवर हात ठेवून शब्द दिला की जी लेकरं या चुलीवर वाढली ती सगळी सख्खी भावंडं. आपसात सोयरीक नाही. सोयरीक आली की रुसवे आले आणि दोन घरांचा रुसवा झाला की संस्था फुटली. म्हणून चुलीच्या दिवशी पोरींनी गावातल्या पोरांना पहिली भाकरी वाढायची आणि म्हणायचं, ‘भाऊ, घे.’ आपण हे बोलायला लागायच्या आधीपासून बघत आलो. माझे वडील दरवर्षी भाषणात हेच सांगायचे. त्यांचा आवाज तुला आठवत असेल.

तर मी एवढं पाठ करून घेतलं आणि परवा दुपारी आईला म्हटलं, ऐक गं, काही राहिलं का बघ. ती अंगणात तूर पाखडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

“असा कधी शब्द दिला? कोणी?”

“तुम्ही सगळ्यांनी. चुलीवर हात ठेवून.”

“पेटत्या चुलीवर कोण हात ठेवतं? येडी का काय तू?”

मी म्हटलं, मग नेम कोणी केला? तर म्हणाली, नेमबिम काही नाही, ती विहिरीवरची गोष्ट आहे. आणि सुपातली तूर खाली ओतून सांगायला बसली.

आपल्या जमिनीत तेव्हा पाणी नव्हतं. शेजारच्या गावाच्या पाटलाच्या मळ्यात विहीर होती, तिथं आपल्या बाया गेल्या. तिथल्या बायांनी अडवलं. “एक छपरामा बठ्ठा झोपतस. कोन कोना नवरा, काही समजस का? अश्या लोकेसले आमनी हिरनं पानी नही.” आपल्या बायांना ही बोली धड कळत नव्हती, पण एका छपराखाली झोपणाऱ्यांना विहिरीचं पाणी नाही, हे कळलं. तेव्हा माझी आई पुढं झाली. मी तिच्या कडेवर होते आणि तू दुसऱ्या हाताला धरलेला, कारण तुझी आई तापानं पडली होती. आई म्हणाली, “ही सगळी लेकरं एका चुलीची आहेत. एखादं रडलं तर जी बाई जवळ असेल ती पाजते. सख्खी भावंडं आहेत सगळी. आमच्या नवऱ्यांची मोजदाद करू नका, पाणी द्या.” पाटलाची म्हातारी तिथं होती. ती हसली आणि म्हणाली, भरू द्या त्यांना. मग त्यांनी वरून ओतलं आणि आपल्या बायांनी खाली हंडे धरले.

आई म्हणाली, “खरी सबब वेगळीच होती गं. ती त्यांनी बोलून दाखवली नाही, आम्हीही विचारली नाही. त्यांनी एक काढली, तिला मी एक उत्तर दिलं. झालं पाणी.”

मग ते उत्तर पसरलं. खडीवाल्यांची लेकरं सगळी भावंडं आहेत म्हणे, असं लोक कौतुकानं सांगायला लागले. आपल्या बापांना ते आवडलं. भाषणात घेतलं. एका वर्षी घेतलं, दुसऱ्या वर्षी घेतलं, मग चुलीवर हात आले, शब्द आला, नेम आला.

मी आईला म्हटलं, मग तू तेव्हा का बोलली नाहीस?

“कधी?”

कधी ते मला सांगता आलं नाही.

पोरगी माझी आहे. प्रज्ञा. तुला आधीच कळलं असेल. धुळ्याला नर्सिंग केलं तिनं, आता सोनगीरला जाऊन येऊन नोकरी करते. प्रशील संस्थेची मोटार आणि ठिबक बघतो. ती कामावरून उतरते तेव्हा हा नेमका फाट्यावर काहीतरी दुरुस्त करत असतो. फाट्यावर आपला एकही पाइप नाही. मला कळायला नको होतं का? पण कळलं नाही, कारण तसं डोक्यातच येत नाही. आपल्या डोक्यात ती जागाच ठेवली नाही कोणी.

तिनं सांगितलं तेव्हा मी ओरडले. म्हटलं, लहानपणापासून भाऊ म्हणतेस त्याला, लाज नाही वाटत? ती म्हणाली, “आई, मी त्याला भाऊ म्हणते. तो माझा भाऊ आहे असं मला कधीच वाटलं नाही. तुला वाटलं का गं कोणाबद्दल?” असं विचारलं तिनं. मला, सरळ तोंडावर. मी म्हटलं, जास्त बोलू नको. तर म्हणाली, मग तुझ्यासारखी गप्प बसू का? तिला कोणी काय सांगितलंय माहीत नाही. सांगण्यासारखं तसं काही नाहीच.

आता माझं काय झालंय ते ऐक. आईची गोष्ट ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. नेमच नव्हता तर पोरीचा रस्ता मोकळा झाला. पण मला राग आला. कोणाचा ते कळत नाही. आईचा म्हणावा तर तिनं पाणी आणलं. वडिलांचा म्हणावा तर ते गेले. पाटलाच्या गावातल्या बायांचा म्हणावा तर त्यांची नावंही मला माहीत नाहीत. आणि सगळ्यात जास्त राग पोरीचा येतो, जिचं काहीच चुकलं नाही. तिला हे इतकं सोपं का मिळावं, असं मनात येतं. पोरीबद्दल आईच्या मनात असं येतं का कधी? मला तर येतंय, मग काय करू.

एवढ्यावर संपलं असतं तरी ठीक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला पुन्हा विचारलं, तर म्हणाली, “शब्द दिला होता की. चुलीत हात घालून. तुझ्या बापाचा हात पोळला होता, मी तूप लावलं.” मी म्हटलं, काल तर म्हणालीस शब्द नाहीच. “काल? काल कुठं भेटलो आपण?” मग थोड्या वेळानं मला म्हणाली, “संघपाल जेवला का?” मी म्हटलं, कोणता संघपाल? ती म्हणाली, “किती संघपाल आहेत गावात? न जेवता गेला बघ.”

आता मी कोणती आई खरी धरू? अभिमनदादाला विचारलं तर तो म्हणतो, आमचे बाबा म्हणायचे हा मोतीलालभाऊंचा, म्हणजे तुझ्या वडिलांचा नेम, त्यांना दुखवायचं नाही. आणि माझे वडील म्हणायचे हा सगळ्या गावाचा नेम, माझ्या एकट्याच्या हातात नाही. म्हणजे कोणाचा? मंजुळाकाकूला विचारायला गेले तर तिनं दार लावलं.

तुझ्या बाबांनी तुला काय सांगितलं होतं? तू जायच्या आधी? काहीतरी बोलले असतील. तेवढं मला पाहिजे. तू ये आणि सभेत सांग. नेम होता म्हण नाहीतर नव्हता म्हण, पण ये. गावातली निम्मी माणसं तुझं ऐकतील, मास्तर आहेस. आणि पोरगा तुझ्या घरातला आहे.

येणार नसशील तर तसं कळव. मांडवात वाट बघायला मला वेळ नाही. भाकरी थापायला बायाच कमी पडतात.

तुझी बहीण,
सविता


समतानगर
ता. ४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

संघपाल,

तू आला नाहीस. फोन केलास तोही अभिमनदादाला. काय म्हणालास तर, “सविता म्हणेल तसं.” दादानं मला ते असं सांगितलं जसा काही तू मला मोठा मान दिलास. मी हातातलं पीठ तसंच परातीत आपटलं. सविता म्हणेल तसं! हे तुला आता सुचलं. जेव्हा विचारायचं होतं तेव्हा सविताला कोणी विचारलं? तू नाही, तुझ्या बापानं नाही, माझ्या बापानं तर नाहीच.

असो. काय झालं ते सांगते, तुझ्या घरातलं कार्य आहे, तुला कळलं पाहिजे.

मांडव भरला होता. पुण्याहून, सुरतेहून, सगळीकडून पोरं आली होती. जुन्या जागेवर चूल मांडली, तीन धोंडे तेच. हितेंद्र बोलला, मग बोलला, मग आणखी बोलला. शेवटी मागून एक जण ओरडला, “चेअरमन, भाकरी वाळतील!” तेव्हा बसला. मग मला उभं केलं.

मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. चुलीची सांगितली आणि विहिरीचीही सांगितली. म्हटलं, यातली खरी कोणती ते मला माहीत नाही. माझी आई एक दिवस ही सांगते आणि दुसऱ्या दिवशी ती सांगते. तुमच्या घरच्यांनी तुम्हाला काय सांगितलं असेल ते तुम्ही सांगा.

मग मंजुळाकाकू उठली. काठी टेकत पुढं आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“विहिरीची गोष्ट आजच बरी निघाली गं तुझी?”

“काकू, तू होतीस ना विहिरीवर? मग तूच सांग.”

“मी काही सांगत नाही. माझ्या भूषणचं मन कोणावर होतं ते या मांडवात बसलेल्या चार जणांना माहीत आहे. त्याला मी म्हटलं, नेम आहे बाबा. त्यानं ऐकलं. लांबची बायको केली, तिच्याशी त्याचं एक दिवस जमलं नाही. आता तू सांगतेस नेम नव्हताच. मग मी त्याला काय सांगू? आईनं तुला उगीच अडवलं?”

संघपाल, मला वाटत होतं की हे माझ्या एकटीचं आहे. इतकी वर्षं मला तसंच वाटलं. मांडवात बघितलं तर किती माना खाली गेलेल्या. कोण कोण ते लिहीत नाही. बायाच नव्हत्या, चांगले मिशावाले बाप्ये होते. नेम खरा असेल तर ह्या सगळ्यांनी काहीतरी मोठं केलं, गाव राखलं. नेम खोटा असेल तर आपण सगळे येडे. मग त्यांना नेम खरा पाहिजे असेल तर त्यांचं काय चुकलं? मला स्वतःला तो खरा पाहिजे होता. तिथं उभी राहून मला हे कळलं. पोरीच्या बाजूनं बोलायला उभी राहिले होते आणि मनातून काकूच्या बाजूला होते. हितेंद्र म्हणाला, अक्का, तुमचं मत काय? मी म्हटलं, थांब रे, मला पाणी दे आधी.

प्रज्ञा बायांच्या रांगेत बसली होती. माझ्याकडं बघतही नव्हती. प्रशील मोटारीच्या खोलीपाशी उभा होता, हातात पाना. अशा वेळी पाना कशाला लागतो देव जाणे.

मग हितेंद्र आईकडं गेला. तिला खुर्चीवर बसवलं होतं, शाल पांघरून. खाली वाकून मोठ्यानं म्हणाला, “आजी, विहिरीवर काय झालं होतं?”

आईनं सगळ्यांकडं बघितलं. इतकी माणसं एकदम बघून ती घाबरली असावी. मग म्हणाली, “पाणी दिलं का त्यांनी?”

हितेंद्रला काय बोलावं कळेना, हे पहिल्यांदाच झालं. शेवटी मंजुळाकाकूच म्हणाली, “दिलं गं द्रौपदा. दिलं.”

“मग उभ्या काय राहिलात बाया? भरा आणि चला घरी. लेकरं उपाशी आहेत.”

एवढंच. तिनं नेम मोडला का ठेवला, मला विचारू नको. काही जण म्हणतात म्हातारीनं मोकळं केलं. काही जण म्हणतात, ती भ्रमात आहे, तिचं काय धरता. हितेंद्रनं हात वर करायला सांगितले. काही वर झाले, काही अर्धे झाले आणि खाली आले, बऱ्याच जणांनी हाताच्या घड्या घातल्या होत्या. तो मोजत बसला, पुन्हा पुन्हा मोजलं, दर वेळी वेगळं निघालं. शेवटी कोणीतरी म्हणालं, आधी जेवू.

तेव्हा मी उठले. मी काही ठरवलं नव्हतं, खरं सांगते. मला फक्त ते दिसत होतं, आपल्या वेळचं. तुला आठवतं का ते मी विचारत नाही. माझे वडील भाषण संपवून माझ्याकडं वळले होते. इतक्या पोरी उभ्या होत्या आणि ते म्हणाले, “सविता, संघपालला तू वाढ.” त्यांनी तुझ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांना सगळं माहीत होतं. रागावले असते, मारलं असतं, तर मी काहीतरी बोलले असते. ते इतक्या मायेनं म्हणाले की मी भाकरी घेतली आणि तुझ्यापुढं गेले आणि म्हणाले, “भाऊ, घे.” तू हात पुढं केलास. भाकरी घेतलीस. ताटात ठेवलीस आणि खाल्ली नाहीस. सकाळी तुझ्या आईनं सांगितलं, पहिल्या एस्टीनं धुळ्याला गेला. माझ्या आईला बाकी काही आठवत नाही, पण तू जेवला नाहीस हे आठवतं.

तर मी उठले, दुरडीतली पहिली भाकरी घेतली आणि प्रज्ञाच्या हातात दिली. म्हटलं, “जा, प्रशीलला वाढ.” तिला वाटलं आई आजोबांच्या वाटेनं चालली. मी म्हटलं, “वाढ. काही म्हणू नको.”

“काहीच नको?”

“काहीच नको. नुसती वाढ.”

ती गेली. सगळा मांडव बघत होता. तिनं भाकरी त्याच्या हातात दिली आणि काही बोलली नाही. तो पाना खिशात घालायला बघत होता, तो मावेना, मग खाली टाकला. आणि तिथंच उभ्यानं, भाजी नाही काही नाही, कोरडी भाकरी खायला लागला. माणसं हसली. हसली म्हणून बरं झालं.

मंजुळाकाकू न जेवता गेली. काल मी तिच्याकडं डबा घेऊन गेले. तिनं डबा घेतला, दार लावलं. आज डबा धुऊन परत आला, तोही पुनमच्या हातानं. पुनम म्हणजे भूषणची पोरगी. तिनं जाताना हळूच विचारलं, “अक्का, आता नेम नाही ना?” मी म्हटलं, तू दहावी कर आधी.

निम्मं गाव माझ्याशी बोलत नाही. जे बोलतात ते जास्तच गोड बोलतात, त्याचाच जास्त त्रास होतो. लग्न बुद्धपौर्णिमेला करायचं म्हणतात. मी योग्य केलं का चूक ते मला अजून कळलेलं नाही. रात्री वाटतं गावाची चूल मी फोडली. सकाळी पोरगी गाणं म्हणत पाणी भरते, तेव्हा वाटतं चूल गेली खड्ड्यात. मग पुन्हा भाकरी थापायला बसते आणि पुन्हा सुरू.

प्रज्ञाचे बाबा चांगले आहेत. हे लिहायला पाहिजे. बाहेरगावचा माणूस, घरजावई म्हणून आले, संस्थेचा ट्रॅक्टर चालवला, कधी माझ्यावर आवाज चढवला नाही. सभा झाल्यावर मला म्हणाले, दमलीस, बस जरा. आणि माझ्या ताटात त्यांनीच वाढलं. त्यांनी मला काही विचारलं नाही. त्यांना काय माहीत आहे आणि काय नाही, ते मी कधी विचारलं नाही. आमचं असं आहे. मला काही कमी नाही, संघपाल. मी तुला बोलवायला लिहीत नाही आणि रडायलाही लिहीत नाही. मला एवढंच पाहिजे की ते एका माणसाला तरी माहीत असावं. आपल्यात काही नव्हतं असं नव्हतं. ते होतं. एवढं तरी खरं आहे का, का तेही मी चुलीसारखं मनानं जोडलं? तुला माहीत असेल. कळवायची गरज नाही.

वहिनींना हा कागद वाचायला दे नाहीतर देऊ नको. तुझं तू बघ.

गावाला गेलेल्यांची भाकरी आपण चुलीच्या कडेला ठेवतो ना, तुझी दरवर्षी मीच ठेवते. संध्याकाळी गाईला घालते आणि हात झटकून घरी जाते. यंदाही ठेवली होती. सगळे गेल्यावर गाईकडं नेली नाही. चुलीपाशी बसून मीच खाल्ली. कडक झाली होती, चावता चावता जबडा दुखला. पण संपवली.

लग्नाला ये. काका म्हणून तुला उभं राहावं लागेल. तू पंक्तीला बसलास की वाढायला मी येईन, आणि काही म्हणणार नाही.

वर नुसतं संघपाल लिहिलंय. खालीही दरवर्षी लिहिते ते लिहीत नाही. विसरले नाही.

सविता